परदेशी शिकायला निघताना: गावातले कागद, वावराचा सातबारा आणि आपलं मत

परदेशातला प्रवेश नागपुरातल्या कन्सल्टन्सीत ठरतो असं बऱ्याच घरांत समजतात. खरं तर तो तहसीलच्या गावी ठरतो. दारव्हा, अचलपूर, ब्रह्मपुरी, मेहकर अशा तालुक्यांतल्या पोरापोरींच्या हातात विद्यापीठाचं पत्र येतं आणि तरी जाणं राहून जातं. शाळेच्या दाखल-खारीजमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या रजिस्टरात, नाव एक असतं आणि पासपोर्टवर दुसरं, जातवैधता अजून समितीकडेच पडून असते, बापाच्या सहा एकरांवर बँक कर्ज द्यायला तयार नसते. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारता येतं, हे कागद सहा महिन्यांत होत नाहीत. म्हणून सप्टेंबरात वर्ग सुरू होणार असतील तर त्याच्या दोन वर्षं आधीच्या दिवाळीत कामाला लागावं. पदवीचं दुसरं वर्ष ही त्यासाठी बरोबर वेळ आहे.

आधी नाव

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने आहेत, एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा. दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहावं, आडनाव वेगळ्या रकान्यात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढे फार त्रास होतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मग तुमचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे नाव माहीत नाही, असं येतं. तेच बँकेत, तेच भाडेकरारावर, तेच पदवीवर.

दुसरी गोष्ट रोमन स्पेलिंगची. वानखडे घ्या. ‘डब्ल्यू’ने सुरू होतं की ‘व्ही’ने? ‘ख’नंतर ‘ए’ की ‘ई’? आधार केंद्रावरच्या माणसाने त्याच्या अंदाजाने टाकलेलं असतं, पॅनवर एजंटाने दुसरं टाकलेलं असतं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं. गावंडे, ढोबळे, इंगळे, मेश्राम, सगळ्यांचं असंच. नियम एकच धरा: दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे ते खरं, बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्या. आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी पासपोर्ट. क्रम उलटा केला की पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो. चूक दहावीच्या प्रमाणपत्रातच असेल तर शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो आणि त्याला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा लागतो. मुख्याध्यापक बदलून गेले, शाळा बंद पडली किंवा रजिस्टरला वाळवी लागली की हे काम लांबतं, म्हणून तेच सगळ्यात आधी. जन्मतारखेचंही तपासा. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीतली तारीख जुळत नसेल तर आत्ताच मिटवा. लग्न झालेल्या मुलींनी शिक्षण पूर्ण होईपर्यंत माहेरचंच नाव ठेवलं तर कागदांचा अर्धा ताप कमी होतो. नाव बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत जपून ठेवा, नुसतं शपथपत्र सगळीकडे चालत नाही.

पासपोर्टसाठी पूर्ण विदर्भाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे, पण बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी डाकघरातच पासपोर्ट केंद्र असतं. ३६ पानी पासपोर्टाचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर त्यावर २,००० आणखी. पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही अर्जातल्या पत्त्यावर सापडायला हवं. पत्ता गावचा आणि राहणं नागपूरच्या होस्टेलवर असेल तर पोलीस ठाण्यातून फोन येईल त्या दिवशी गावी जायची तयारी ठेवा. अहवाल उलटा गेला तर दोन महिने तिथेच जातात.

जात, वैधता, उत्पन्न

शिष्यवृत्तीचा विचार असेल तर जात प्रमाणपत्रासोबत वैधता हवीच. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे. जुना पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा लागतो हे प्रवर्गावर आहे: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

विदर्भात हा पुरावा शोधण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रापेक्षा थोडी वेगळी आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्यामुळे जुने दस्त हिंदीत, मोडीत किंवा इंग्रजीत सापडतात. आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूची नोंद बघायला ‘कोतवाल बुक’ मागा; तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. तिथे नाव पूर्ण नसतं. ‘सखाराम वल्द तुकाराम’, म्हणजे तुकारामचा मुलगा सखाराम, एवढंच असतं, पुढे जात. म्हणून वंशावळ आधी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या: पणजोबाचं नाव, त्यांच्या भावांची नावं, कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले. चुलतभावाची किंवा आत्याची वैधता निघालेली असेल तर तिची प्रत जोडा; रक्ताच्या नात्यातली पितृकुळातली वैधता हा भक्कम पुरावा असतो. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, आणि जाणकार सापडायलाच वेळ जातो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. शिष्यवृत्तीची जाहिरात साधारण उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर येते, म्हणून मार्चमध्ये घाईने काढलेला दाखला उपयोगाचा नाही. एप्रिल लागला की नवा काढा. सेतू केंद्रात अर्ज केल्याची पावती फेकू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि ते पावतीशिवाय होत नाही. कोणाच्या ओळखीने दाखला काढण्यापेक्षा अपिलाचा एक पानी अर्ज टाकणं चांगलं, पुढच्या पोराचंही काम सोपं होतं.

शिष्यवृत्ती: जाहिरात वाचायची कशी

अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च व तंत्रशिक्षण या खात्यांच्या योजना वेगळ्या. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती निराळी: १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकी भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, वय ३५ पर्यंत. जमातींसाठी केंद्राच्या आणखी २० जागा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे.

गुणांची टक्केवारी, क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत विद्यापीठ कितव्या नंबरच्या आत हवं, उत्पन्नाची मर्यादा या अटी सरकार मधेमधे बदलतं. गेल्या वर्षी गेलेल्या दादाने सांगितलं म्हणून विसंबू नका. त्या वर्षीचा शासन निर्णय उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचा. बहुतेक अर्ज बाद होतात ते तीन जागी. पहिली, प्रवेशपत्र सशर्त असतं. ‘इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आल्यावर’ किंवा ‘अंतिम गुणपत्रिका दिल्यावर’ असं त्यात एक वाक्य असलं की ते सशर्त. विनाशर्त पत्र विद्यापीठाकडून मागून घ्यावं लागतं. दुसरी, क्रमवारी पूर्ण विद्यापीठाची पाहतात की विषयाची, हे बघितलेलं नसतं. तिसरी, केंद्राच्या योजनेतून २०२२-२३ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरचं शिक्षण वगळलं आहे. जातीवर, ग्रामीण समाजावर अभ्यास करायला निघालेल्या पोराला याची खबर अर्ज नाकारल्यावर लागते. हा नियम अन्यायाचा आहे आणि बदलायला हवा. ज्यांनी हे भोगलं त्यांनीच त्यावर बाहेरच्या विद्यापीठात बसून लिहू नये, हे पटत नाही. पण नियम आहे तोवर अशा विषयासाठी राज्याची योजना किंवा विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती धरावी.

करारपत्र सही करण्याआधी घरी मोठ्याने वाचून दाखवा, जामीनदार म्हणून सही करणाऱ्या काकालाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं, आणि तो पुन्हा सुरू करायला १९२० उजाडलं. आजच्या करारांतही मुदतवाढ कधी मिळते, मधेच अभ्यास सोडला तर किती रक्कम परत, विषय बदलायला कोणाची परवानगी, ही कलमं असतात.

आणि रक्कम पुरते का, तेही बघा. केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठी राहण्याखाण्याचे वर्षाला ९,९०० पौंड मिळतात, म्हणजे महिना ८२५. छोट्या शहरात काटकसरीने भागतं, लंडनमध्ये एका खोलीच्या भाड्यातच ते संपू शकतात. हप्ता उशिरा येतो ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून तीन महिन्यांचा खर्च वेगळा हातात हवा. निवडणुकीची आचारसंहिता मधे आली तर निवड यादीही अडकू शकते, आणि विद्यापीठ तुमच्यासाठी थांबत नाही. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का, हे ईमेलवर आधीच विचारून लेखी उत्तर ठेवा.

वावर असून कर्ज का मिळत नाही

हे नीट समजून घ्या, कारण इथे घरोघरी गैरसमज आहे. साधारण साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. बाप म्हणतो, सहा एकर ओलीत आहे, पंचवीस-तीस लाखांचं वावर आहे, देत कसे नाहीत? कारण असं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक थकबाकीदाराची मालमत्ता कोर्टात न जाता विकू शकते, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. हे कलम कास्तकाराला वाचवायला आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण बँकेच्या हिशेबात ते वावर तारण म्हणून कमी भरवशाचं होतं. त्यात सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच चढलेला असतो. जमीन भोगवटदार वर्ग-२ असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर हस्तांतरणालाच परवानगी लागते.

मग घर. गावठाणातल्या घराचा कागद म्हणून आपण ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दस्त नाही, म्हणून बँकेचा वकील तो बाजूला ठेवतो. तुमच्या गावात स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका निघते. ती असेल तर निदान बोलणं सुरू होतं. पत्रिकेवर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आणि काका-आत्यांची संमती हे वेगळं काम. आत्याला विचारताना तिचा हक्क आहे हे धरून विचारा. बहिणींकडून हक्कसोड घेऊन भावाला लंडनला पाठवू नका.

जे चालतं ते असं: तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातला अकृषक प्लॉट किंवा फ्लॅट, मुदत ठेव, विम्याची पॉलिसी. नातेवाइकाचा प्लॉटही चालतो, तो जामीनदार म्हणून सही करणार असेल तर. परदेशाच्या कर्जात बँक साधारण १५ टक्के रक्कम तुम्हाला स्वतःची घालायला सांगते. शिष्यवृत्ती त्यात धरता येते. पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना भारतातल्या संस्थांपुरती आहे, आणि अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ व्याज सवलत २०२२-२३ पासून बंद आहे. या दोन्ही नावांनी कोणी फाइल करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. अनुसूचित जातीच्या मुलांनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात एकदा चौकशी जरूर करावी.

आता हिशेब कापसात करून बघा. २० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढतं: पूर्ण रक्कम उचलली असेल तर वर्षाला २ लाख १० हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता. म्हणजे नुसतं एका वर्षाचं व्याज २६ क्विंटल कापूस, तोही वेचणी-फवारणीचा खर्च न वजा करता. दोन वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्याची सवलत धरली तर कर्ज २६ लाख ३० हजारांवर जातं आणि दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता महिना ३५,४०० च्या वर बसतो. शिकताना व्याज भरत राहिलात तर तोच हप्ता २७ हजारांच्या आत राहतो. हा आकडा बापाला दाखवा, लपवू नका. त्यावरून एक गोष्ट ठरते: परत येऊन इथल्या पगारात हा हप्ता झेपेल का? नसेल तर देश बदला किंवा कमी फीचा अभ्यासक्रम घ्या.

कमी फीसाठी जर्मनी बघण्यासारखी आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पण आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस कार्यालयाचं प्रमाणपत्र आधी लागतं, आणि वर्षाचा खर्च म्हणून ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात. ते पैसे तुमचेच, तिथे गेल्यावर महिना ९९२ युरो असे परत मिळतात. ब्रिटनची रीत वेगळी. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि एक दिवस जरी खाली गेली तरी व्हिसा नाकारतात. हे आपल्याकडे नेमकं जूनमध्ये होतं: मृग लागला, बियाणं-खत आणायला बापाने त्या खात्यातून दहा हजार काढले, आणि अठ्ठाविसातले बावीस दिवस वाया. ते खाते त्या महिन्यात कोणी हात लावणार नाही असं बाजूला ठेवा, पेरणीचा पैसा दुसऱ्या खात्यात. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं हवं, काकाचं चालत नाही. आईवडिलांचं असेल तर जन्म प्रमाणपत्र आणि त्यांचं संमतीपत्र जोडा, म्हणजे पुन्हा तोच नावाचा मुद्दा.

कन्सल्टन्सी ‘मोफत’ असते कारण तिला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. म्हणून ती जिथे कमिशन आहे तिथलीच नावं सुचवते. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठाचं नाव तिच्या यादीत का नाही, याचं उत्तर यात आहे.

इंग्रजी आणि हेतुपत्र

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. ऐकणे आणि वाचणे या भागांत ४०-४० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, एकही कोरा सोडू नका. मराठी माध्यमातून आलेल्यांचे गुण लिहिण्यात जातात: दुसऱ्या निबंधाला २५० शब्द लागतात आणि बहुतेक जण पाठ केलेली सुरुवात लिहितात, ती परीक्षकाला लगेच कळते. रोज एक निबंध हाताने लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या, तीन महिने.

हेतुपत्रात, म्हणजे काय आणि का शिकायचं हे विद्यापीठाला सांगणाऱ्या पत्रात, ‘मी दुष्काळी भागातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा’ एवढ्यावर थांबू नका. दया येईल, प्रवेश मिळणार नाही. प्रश्न लिहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. त्यातून सार्वजनिक आरोग्याचा, कृषी विस्ताराचा, कीटकनाशकाच्या नियमनाचा असे तीन वेगळे अभ्यास निघतात. तुम्हाला कोणता करायचा, त्या विद्यापीठातले कोण प्राध्यापक त्यावर काम करतात, आणि परत येऊन ते कुठे वापरणार, हे दोन पानांत आलं पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून येऊन अमरावतीत शिक्षणसंस्था उभी केली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. आपल्या भागात याची वाट आधीच पाडलेली आहे.

निघण्याआधी: मोबाइल नंबर

ही गोष्ट लहान दिसते आणि घर बंद पाडते. शिकलेलं पोरगं घरात एकच असतं, म्हणून बापाच्या आधाराला, आईच्या बँक खात्याला, पीएम-किसानच्या नोंदणीला, शेतकरी ओळख क्रमांकाला, गॅसच्या पुस्तकाला त्याचाच नंबर जोडलेला असतो. ते विमानात बसलं की सगळे ओटीपी त्याच्यासोबत जातात. ई-केवायसी अडते, अनुदान थांबतं, आणि बाप रात्री दोनला फोन करून आकडा विचारतो. निघण्याच्या तीन महिने आधी यादी करा आणि प्रत्येक ठिकाणी घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर टाका. सुरुवात आधारपासून करा. तुमचं स्वतःचं भारतीय सिम चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि लहानसं रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस वापर नसला की नंबर दुसऱ्याला देतात.

बाहेर असताना तुमच्या नावे वावर विकत घ्यायचं नाही. शिकायला गेलेला माणूस परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो आणि अनिवासीला शेतजमीन खरेदी करता येत नाही. आधीची असलेली किंवा वारसाने आलेली ठेवता येते. घरच्यांना तुमच्या वतीने सही करता यावी म्हणून मुखत्यारपत्र इथेच नोंदवून जा. तिकडे भारतीय दूतावासात केलं तर ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यावं लागतं.

सामानात तूरडाळ, तिखट, हळद, सावजी मसाला बंद पाकिटात चालतो. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आईचं तूप आणि संत्रा बर्फी दोन्ही घरी ठेवा. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा.

तिथला अभ्यास

ब्रिटनमध्ये ७० गुण म्हणजे डिस्टिंक्शन आणि पदव्युत्तरला ५० ला पास. पहिल्या निबंधात ५८ आले म्हणून रडू नका. जर्मनीत उलटं: १.० सगळ्यात चांगले, ४.० ला कसंबसं पास, आणि एकाच परीक्षेत ठरलेल्या वेळा, बहुधा तीनदा, नापास झालं की तो अभ्यासक्रम तिथे कायमचा बंद होऊ शकतो. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेणं शहाणपणाचं.

आपल्याकडे पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की गुण मिळतात. तिथे त्याच गोष्टीला वाङ्मयचौर्य म्हणतात आणि त्यावरून काढूनही टाकतात. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात, कल्पना स्वतःच्या शब्दांत, आणि दोन्हींना संदर्भ. पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाचा संदर्भ देण्याचा वर्ग असतो, तो चुकवू नका. प्राध्यापक चुकले असं वाटलं तर वर्गात विचारायचं असतं, त्यात अपमान मानत नाहीत. गप्प बसणाऱ्याने वाचलंच नाही असं मात्र मानतात.

मत आणि बोलणं

परदेशी शिकणाऱ्याचं मत जात नाही, पण ते आपोआप टिकतही नाही. थोड्या काळासाठी बाहेर गेलेल्या माणसाचं सामान्य निवासस्थान तेवढ्याने बदलत नाही, म्हणून वर्षा-दोन वर्षांच्या अभ्यासासाठी यादीतलं नाव तसंच राहू शकतं. अडचण येते ती यादीच्या पुनरीक्षणात: बीएलओ, म्हणजे मतदार यादी तपासणारे कर्मचारी, घरी येतात, ‘पोरगा विलायतेला आहे’ असं आई अभिमानाने सांगते, आणि नाव स्थलांतरित म्हणून कमी होतं. प्रारूप यादी लागली की घरच्यांनी आपलं नाव बघायलाच हवं. कमी झालं असेल तर फॉर्म ६-अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नोंद होते. ही सोय २०११ पासून आहे आणि तिच्यात शिक्षणासाठी गेलेलेही बसतात. जुनं मतदार ओळखपत्र परत करावं लागतं. मतदान केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवून मत देता येतं. टपालाने नाही, ऑनलाइन नाही, दुसऱ्याच्या हातून नाही. स्वतः यावं लागतं. म्हणूनच २०२४ च्या लोकसभेला सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि येऊन मत देणारे तीन हजारांच्याही आत.

ब्रिटनमध्ये मात्र आपण राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथे राहत असताना मतदार यादीत नाव घालू शकतो आणि तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो, विद्यार्थी व्हिसावर असलो तरी. राहायला गेल्यावर लगेच नोंदणी करा. बँक आणि मोबाइल कंपन्या पत पडताळताना ती यादी बघतात, त्यामुळे तोही फायदा. अमेरिकेत याच्या अगदी उलट. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंद करणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढतात. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा चौकोन समोर येतो, त्याला हात लावू नका, कारकून म्हणाला तरी.

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जात समाजमाध्यमांवरची खाती सांगावी लागतात आणि जून २०२५ पासून ती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगतात. खातं लपवणं हे त्यात लिहिलेल्या मतापेक्षा जास्त महागात पडतं. गावच्या व्हॉट्सॲप गटावरचं पुढे ढकललेलं विखारी काही तिकडे टाकलेलं असेल तर ते अर्जाच्या भीतीने नव्हे, तसंही काढून टाकण्याच्याच लायकीचं आहे.

भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात खोली शोधताना पहिल्या पाच मिनिटांत आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही कोण’ हे तिथेही विचारतात. उत्तर द्यायचं की नाही हे तुमच्यावर आहे. पण विद्यापीठ निवडताना एक बघून ठेवा: भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द आहे का. ब्रँडाइस विद्यापीठाने तो २०१९ मध्ये घातला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये, आणि २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदाच केला. जिथे शब्द आहे तिथे तक्रारीचा अर्ज नेमका कोणत्या कार्यालयात द्यायचा हेही लिहिलेलं असतं. तो पत्ता पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घ्या, शेजारी भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर आणि गावातल्या शेजाऱ्याचा नंबर, घरचा फोन लागला नाही तर.